सही एकट्यानं नाही, बोलणी ग्रामसभेनं



मागच्या महिन्यात आमच्या एका गावात दोन गाड्या आल्या. उतरलेल्या माणसांनी धानाच्या बांधीत यंत्र मांडलं, धुऱ्यावर चुन्याच्या खुणा केल्या आणि निघून गेले. नोटीस नाही, दवंडी नाही. पटवाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "वरून सांगितलं तेवढं केलं." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एक मध्यस्थ घरोघरी फिरला. प्रत्येकाच्या ओसरीत बसला, पाणी प्याला आणि सगळीकडे एकच बोलला, "तुमच्यासाठी चांगला भाव काढून देतो दादा, फक्त बाजूवाल्याले सांगू नोका."

ह्या एका वाक्यासाठी आम्ही हे लिहीत आहोत. ज्याला रस्त्यासाठी जमीन पाहिजे त्याला गावाशी बोलायचं नसतं, एकेका माणसाशी बोलायचं असतं. एकटा माणूस स्वस्तात मिळतो. म्हणून आमचं म्हणणं सरळ आहे. महामार्गाची बोलणी करायची तर ग्रामसभेनं करायची, लेखी करायची, आणि वनहक्काचे दावे निकाली निघाल्यावर करायची. त्याआधी कुणीही कोणत्याच कागदावर सही करायची नाही.

नागपूर ते मुंबई समृद्धी महामार्ग आता पूर्ण झाला. लांबी ७०१ किलोमीटर, १० जिल्हे. शेवटचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. आता तोच रस्ता नागपूरहून पुढे गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरकडे न्यायचं सरकारनं ठरवलं आहे. म्हणजे मोजणी आपल्या जंगलपट्ट्याकडे वळली. नागपूर शहर गोंड राजा बख्त बुलंद शाहनं वसवलं असं आपण अभिमानानं सांगतो. त्याच्या वारसांना मात्र रस्ता कुठून जाणार हे चुन्याच्या खुणेवरून कळतं.

आम्ही रस्त्याच्या विरोधात आहोत का?

नाही. बाळंतीण बाई खाटेवर टाकून नाला ओलांडून नेलेली आम्ही पाहिली आहे. पावसाळ्यात नागपूरच्या मेडिकलला पोचेपर्यंत माणूस हातचा जातो, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. गावाला रस्ता पाहिजेच. पण हा रस्ता गावाचा नाही. समृद्धीवर बैलबंडी चालत नाही, सायकल चालत नाही, मोटारसायकललाही बंदी आहे. दोन्ही बाजूंनी कुंपण. चढायचं तर दूरच्या फाट्यावर जा आणि टोल भरा. जो रस्ता आपल्या शेतातून जातो पण ज्यावर आपलं पाऊल पडणार नाही, त्याची किंमत आपण नीट मोजून घ्यायला नको का?

हिशेब करून पाहा. समृद्धीची रुंदी १२० मीटर आहे. एवढ्या रुंदीचा रस्ता एखाद्या शिवारातून एक किलोमीटर गेला तर १२ हेक्टर जमीन जाते, म्हणजे जवळपास ३० एकर. तीन किलोमीटर गेला तर ९० एकरांच्या आसपास. आमच्याकडे कितीतरी घरांची दोन-अडीच एकरांवर गुजराण आहे. त्या मापानं किती चुली झाल्या ते तुम्हीच मोजा. वर जे शेत मधोमध कापलं जातं, त्याचे दोन तुकडे होतात. पलीकडच्या तुकड्यात नांगर न्यायला वाट राहत नाही. तो तुकडा कागदावर आपला असतो, पण कामाचा नसतो.

आपली जमीन चार प्रकारची आहे

मध्यस्थाला एकच जमीन दिसते, सातबाऱ्याची. आपल्या गावात चार प्रकारची जमीन आहे आणि प्रत्येकीचा कायदा वेगळा आहे.

पहिली, सातबाऱ्याची. ह्या जमिनीलाही आदिवासी म्हणून संरक्षण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६ अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला परस्पर विकता येत नाही. जिल्हाधिकाऱ्याची आणि शासनाची आधी मंजुरी लागते. तेव्हा कुणी मध्यस्थ स्टँपपेपर घेऊन आला, "आता इसार घे, बाकी मागून पाहू" म्हणाला, तर त्याला ओसरीवरूनच परत पाठवा.

दुसरी, वनहक्काच्या पट्ट्याची. २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ४(४) आहे. हा हक्क वारसाला जातो, पण विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे असतो. आता थेट खरेदीत जर विकणाऱ्याचीच सही लागते, तर पट्टेवाला कोणत्या कागदावर सही करणार? इथंच साहेब लोक सांगतात, "तुमचं काही निघत नाही, ही तर वनखात्याची जमीन." हे खोटं आहे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात जमीनमालकाच्या व्याख्येत वनहक्क मिळालेला माणूस स्पष्ट लिहिला आहे. बाधित कुटुंबाच्या व्याख्येतही ज्यांचे वनहक्क जातात ते आदिवासी आणि इतर पारंपरिक वननिवासी लिहिले आहेत.

तिसरी, जबरानजोतीची, जिचा दावा अजून पडून आहे. कुणाचा दावा उपविभागाच्या समितीत अडकला, कुणाचा मोजणीविना राहिला. ज्यांच्या हातात कागद नाही त्यांच्या शेतातून रस्ता सगळ्यात आधी जातो, कारण तिथं कुणाला पैसे द्यावे लागत नाहीत. पण कलम ४(५) म्हणतं की हक्काची तपासणी आणि मान्यता पूर्ण होईपर्यंत वननिवासी माणसाला ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही. हे कलम पाठ करून ठेवा. गावातल्या पोरापोरींना पाठ करायला लावा.

चौथी, सगळ्या गावाची. आखर, बोडी, पेनठाणा, मसणवटा, मोहाची झाडं, तेंदूचं जंगल, ढोरांच्या वाटा. ती कुणा एकाची नाही म्हणून मध्यस्थाच्या वहीत ती शून्य आहे. कोणतं मोहाचं झाड कोणत्या घरानं वेचायचं हे गावात आज्यापासून ठरलेलं असतं. पण ते झाड जंगलात असलं तर सातबाऱ्यावर नसतं, म्हणून मोबदल्याच्या यादीतही येत नाही. उन्हाळ्यात मोहफूल आणि तेंदूपत्त्यावर ज्या बाईचं घर चालतं, तिचं नुकसान कुणी मोजतच नाही.

म्हणून सामूहिक वनहक्काचा दावा ज्या गावानं अजून केला नाही, त्यानं तो आधी करावा. मेंढा-लेखानं २००९ साली सामूहिक हक्क घेतला, तेव्हापासून गावाच्या जंगलाबद्दल ग्रामसभेशी बोलावंच लागतं. आपल्या विदर्भाकडे त्यासाठी जुना पुरावाही आहे. निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज हे मध्यप्रांताच्या काळापासूनचे कागद. लाकूडफाटा, चराई, पाणी, रस्ता ह्यावर गावाचा कोणता वहिवाटीचा हक्क आहे ते त्यात लिहिलेलं असतं. तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करा, नक्कल काढा.

पहिला प्रश्न भावाचा नाही

साहेब आले की आपण विचारतो, "किती देता?" पहिला प्रश्न हा पाहिजे: "कोणत्या कायद्यानं घेता?"

कारण २०१३ च्या भूसंपादन कायद्यात चांगल्या गोष्टी आहेत. सामाजिक परिणामांची तपासणी आहे. कलम ४१ प्रमाणे अनुसूचित क्षेत्रात शक्यतो जमीन घ्यायचीच नाही, घ्यायची तर ग्रामसभेची आधी संमती घ्यायची, असं आहे. पण महामार्ग राष्ट्रीय असेल तर १९५६ चा कायदा लावतात आणि राज्याचा असेल तर १९५५ चा महामार्ग कायदा लावतात. त्या वाटेनं गेलं की तपासणी आणि संमती गळून पडते. राज्यानं २०१८ साली कायद्यात दुरुस्ती करून ही वाट पक्की केली. एवढं मात्र लक्षात ठेवा की मोबदला आणि पुनर्वसन २०१३ च्या कायद्यासारखंच द्यावं लागतं. राष्ट्रीय महामार्गाच्या कायद्यात नोटीस निघाली की हरकतीला फक्त २१ दिवस असतात. धान कापणीच्या दिवसांत २१ दिवस कधी गेले ते कळतही नाही.

आणखी एक अडचण आपल्याच जिल्ह्यांची. गडचिरोली, चंद्रपूर, यवतमाळ, अमरावतीचे काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहेत, तिथं पेसा लागतो. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदियात अनुसूचित क्षेत्र नाही. गोंड इथंही आहेत, जंगल इथंही आहे, पण पेसा नाही. म्हणून आपल्याकडे वनहक्क कायदा हाच मुख्य आधार. तो सगळीकडे लागतो.

त्यालाही भोक पाडलं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. २००९ साली केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं पत्र काढलं की वनजमीन दुसऱ्या कामाला देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच मंत्रालयानं दुसरं पत्र काढून रस्ता, कालवा, विजेच्या तारा अशा लांबलचक कामांना त्या संमतीतून सूट दिली. माडिया, कोलाम, कातकरी अशा विशेष दुर्बल समूहांच्या मान्य झालेल्या हक्कांवर गदा येत असेल तर ती सूट लागत नाही, बाकीच्यांना लागते. २०२२ च्या नियमांनी तर वनहक्काची जबाबदारी केंद्रानं राज्यावर ढकलली. उद्या साहेब तेच पत्र दाखवतील. तेव्हा त्यांना सांगा की पत्र हे पत्र आहे आणि कायदा संसदेनं केला आहे. कलम ४(५) कोणत्याही पत्रानं रद्द होत नाही.

कधी ते कलम ३(२) सुद्धा दाखवतात. त्यात गावासाठी शाळा, दवाखाना, रस्ता करायला वनजमीन देता येते. पण ती एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी, आणि तीही ग्रामसभेच्या शिफारशीनं. चार-सहा पदरी महामार्ग त्या कलमात बसत नाही. गावाच्या रस्त्याचा ठराव म्हणून महामार्गाचा ठराव कुणी करून नेऊ नये, एवढं डोळ्यांत तेल घालून पाहा.

नऊ वाटा वाघाला

देवलापारकडच्या लोकांनी नागपूर–जबलपूर रस्त्याचं काम डोळ्यांनी पाहिलं आहे. पेंचच्या जंगलातून तो रस्ता मोठा झाला तेव्हा जनावरांना खालून जायला नऊ ठिकाणी वाटा ठेवल्या. सगळ्यात मोठी ७५० मीटरची आहे. देहरादूनच्या वन्यजीव संस्थेनं कॅमेरे लावून मोजलं की कोणतं जनावर कुठून किती वेळा गेलं.

आम्हाला त्याचा राग नाही. वाघ, चितळ गाडीखाली मरू नये असं आम्हालाही वाटतं. पण विचार करा, वाघ अर्ज करत नाही, मोर्चा काढत नाही, तरी त्याच्या वाटांचा अभ्यास झाला, कोर्टात बाजू मांडली गेली आणि पूल बांधले गेले. मग आपल्या बकऱ्या कुठून जातील, शाळेची पोरं कुठून जातील, मयत कुठून न्यायची, ह्याचा अभ्यास कोण करणार? तो आपणच करायचा. शिवारफेरी काढा. म्हातारी माणसं पुढे घ्या, बाया पुढे घ्या, कारण पाण्याची आणि सरपणाची वाट त्यांनाच माहीत असते. एक-एक वाट, नाला, बोडी नकाशावर काढा. मग साहेबाला सांगा, वाघासाठी जागा सोडता येते तर इथंही सोडता येते.

"पैसा घेऊन मोकळं व्हावं" असं म्हणणाऱ्यांना

आमच्यातलीच काही पोरं म्हणतात, "धानात काही उरत नाही. पाचपट भेटून राहिले, काऊन सोडावं?" त्यांना आम्ही मूर्ख म्हणत नाही. कर्ज आहे, बहिणीचं लग्न आहे, नोकरी नाही. आम्हीही बारावी होऊन घरीच बसलो होतो. पण दोन गोष्टी ऐकून घ्या.

एक, पाचपट कशाच्या? ज्या गावात जमिनीचे व्यवहार होत नाहीत तिथं सरकारी भाव पडलेलाच असतो. आदिवासींच्या जमिनीवर विक्रीची बंधनं आहेत, म्हणून खरेदीखतं कमी, म्हणून दर कमी. लहान आकड्याची पाचपट लहानच येते. ह्यावर २०१३ च्या कायद्यातच उपाय आहे. कलम २६ म्हणतं की जिथं व्यवहारांवर कायद्यानं बंधन आहे तिथं लगतच्या भागातल्या तशाच जमिनीच्या भावावरून किमान दर ठरवावा. तेव्हा आपल्या गावाचा नाही, बाजूच्या गावांचा दर काढा. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून तीन वर्षांच्या खरेदीखतांची माहिती घ्या. हे एकटा माणूस करत नाही, ग्रामसभा करते.

दोन, पाचपट हा आकडा कुणी दयेनं दिलेला नाही. समृद्धीसाठी आधी जमीन एकत्रीकरणाची योजना होती. जमीन द्या आणि बदल्यात जिरायतीला २५ टक्के, बागायतीला ३० टक्के विकसित भूखंड घ्या. सिन्नर, इगतपुरी, शहापूरकडे लोक उभे राहिले, त्यात आदिवासी गावंही होती. मग सरकार थेट खरेदीवर आलं आणि पाचपटीची भाषा सुरू झाली. कोल्हापूरच्या शेतकऱ्यांनी शक्तिपीठ महामार्गाला विरोध केला, तर २०२४ मध्ये त्या जिल्ह्यापुरती अधिसूचना मागं घ्यावी लागली. लोक एकत्र उभे राहिले तिथं सरकारला दोनदा विचार करावा लागला. बाजूवाल्याला न सांगता भाव वाढलेला आम्ही अजून पाहिला नाही.

ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ साली डोंगर खाणीला द्यायला नाही म्हटलं. सर्वोच्च न्यायालयानंच त्यांना विचारायला लावलं होतं. दूरच्या ऑस्ट्रेलियात १९९२ साली एडी माबो आणि त्याच्या लोकांचा खटला जिंकला गेला आणि मूळनिवासींचा जमिनीवरचा हक्क कोर्टानं मान्य केला. पुढे कायदा झाला. आता तिथं मूळनिवासींच्या हक्काच्या जमिनीबाबत समूहाशी करार करता येतो, तो सरकारी नोंदवहीत चढतो आणि दोन्ही बाजूंना बांधतो. तिथंही सगळं सुखाचं नाही. पण करार समूहाचा असतो आणि लिहिलेला असतो, हे शिकण्यासारखं आहे.

ग्रामसभेनं काय लिहून घ्यावं

१. गावातले सगळे वैयक्तिक आणि सामूहिक वनदावे आधी निकाली काढा. त्याआधी मोजणी नाही.

२. जमिनीला जमीन. २०१३ च्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आदिवासीची जमीन गेली तर तेवढीच जमीन किंवा अडीच एकर, जे कमी असेल ते, द्यायचं लिहिलं आहे. खरेदीखतात आपण फक्त 'विकणारे' असतो. पुनर्वसनाचा शब्द कागदात नसेल तर नंतर कशावर बोट ठेवणार?

३. माणसांच्या, ढोरांच्या, बैलबंडीच्या वाटा रस्त्याखालून, शिवारफेरीच्या नकाशाप्रमाणे. नाले, बोड्या बुजवायच्या नाहीत. पेनठाणा आणि मसणवटा वगळायचे.

४. रस्त्याच्या भरावासाठी मुरूम, माती कुठून खोदणार ते आधी सांगायचं.

५. जंगल तोडून दुसरीकडे झाडं लावतात ती कोणत्या गावाच्या जमिनीवर? नाही तर एका गावाचं जंगल रस्त्यात जाईल आणि दुसऱ्या गावाची चराई रोपवनाच्या कुंपणात. जंगलाच्या किमतीचे पैसे वनीकरणाच्या निधीत जमा होतात, ग्रामसभेच्या खात्यात येत नाहीत. त्यातला वाटा मागा.

६. मोबदला नवरा-बायको दोघांच्या नावे. विधवा आणि एकल बायांची वेगळी नोंद.

७. सगळा कागद मराठीत, ग्रामसभेत मोठ्यानं वाचून, गोंडीत समजावून. एक प्रत ग्रामसभेच्या दप्तरात.

हजेरीची सही म्हणजे संमती नाही

शेवटी एक अनुभव सांगतो. आमच्या ओळखीच्या एका गावात बैठक झाली. एका वहीत सगळ्यांच्या सह्या, अंगठे घेतले. लोकांना वाटलं हजेरी आहे. पुढे तेच पान ठरावाच्या मागे जोडलेलं निघालं. एक आजी आम्हाला म्हणाली, "मी तं चहा प्याले गेली होती बापा, जमीन कवा देली मले मालूमच नाही." त्या दिवशी आम्ही हसलो नाही.

म्हणून वहीच्या प्रत्येक पानावर आधी विषय लिहा, तारीख लिहा, रिकाम्या जागेवर रेघ मारा, मग सही करा. वनहक्काच्या नियमांप्रमाणे ग्रामसभेला निम्मे सभासद हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया पाहिजेत. दहा पुरुषांनी पाराखाली बसून केलेला ठराव ग्रामसभेचा नाही. ग्रामपंचायतीचा ठराव म्हणजेही आपल्या टोल्याच्या ग्रामसभेचा ठराव नाही. प्रत्येक ठरावाची पोच घ्या. सरकार ऐकेलच असं नाही. पण न ऐकलेला ठराव उद्या कोर्टात उभा राहू शकतो, न केलेला ठराव कुठंच उभा राहत नाही.

चुन्याची खूण एका पावसात जाते. त्याच्या आत आपली शिवारफेरी झाली पाहिजे. ह्या महिन्यात प्रत्येक गावानं तीन कामं करावी. वनहक्क समितीची बैठक बोलवावी. पडून असलेल्या दाव्यांची यादी करावी. निस्तारपत्रकाच्या नकलेचा अर्ज टाकावा. आणि कुणी ओसरीवर येऊन "बाजूवाल्याले सांगू नोका" म्हणालं, तर पहिले बाजूवाल्यालेच सांगा.

जय सेवा.